मतांचा सुकाळ

आमच्या मराठवाड्यास टंचाई नवी नाही. पाण्याची टंचाई आम्ही जाणतो, चाऱ्याची जाणतो, आणि ज्यांची साठी उलटली आहे त्यांस सन १९७२ च्या दुष्काळातील सुकडी व खडी फोडण्याची कामे अद्याप आठवत असतील. परंतु एक जिन्नस असा आहे की, पाऊस पडो वा न पडो, त्याचे पीक आमच्या परभणी जिल्ह्यात बारमाही येते. तो जिन्नस म्हणजे मत. घरटी पाच-सहा मते रोज निघतात. ती कोणी विकत घेत नाही, कोणी साठवीत नाही, आणि नासली तरी ज्याच्या घरी ती निघाली त्यास त्यांचा वास येत नाही.

मत असणे हा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. तसे असते तर हे मासिक चालविण्याचा खटाटोप आम्ही केला नसता. आमचा रोख एका निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दावर आहे. तो शब्द 'सहज'. एखाद्या गृहस्थाने खुनाच्या प्रकरणात कोण दोषी, कोण निर्दोष याचा निकाल चहाच्या दोन घोटांमध्ये द्यावा, आपण त्यांस 'हे कशावरून म्हणता?' असे विचारावे, आणि त्यांनी हसून म्हणावे, 'छे हो, सहज बोललो!' बोलताना न्यायाधीशाचा आव, आणि जाब विचारताच अजाण बालकाची सुटका, अशी ही दुहेरी सोय आहे. आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाने ही सोय जितकी वापरली आहे तितकी दुसऱ्या कोणी वापरली असेल असे आम्हास वाटत नाही. कारण अडाणी म्हणून ज्यांस आपण हिणवितो त्यांच्या बोलण्यास निदान 'आपल्याला काय कळतंय' एवढे तरी शेपूट असते. आमच्या बोलण्यास पदवी चिकटलेली असते.

सन २०२४ च्या डिसेंबराच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईहून परभणीस येत होतो. डब्यात आमच्यासमोर एक सेवानिवृत्त अधिकारी, पुण्याच्या संगणक कंपनीत काम करणारे दोघे तरुण आणि एक शिक्षिका अशी मंडळी होती. सर्व सभ्य, सर्व सुस्वभावी. कल्याण जाण्यापूर्वी एकमेकांची गावे व नाती विचारून झाली होती. कसारा घाट चढेपर्यंत चार विषय निकालात निघाले. पहिला, कोणा एका पॉडकास्टमध्ये कोणा एका वैद्याने सांगितलेला मधुमेहावरील रामबाण उपाय. दुसरा, मोबाईलवरील खेळांनी बिघडलेली पिढी. तिसरा, नुकतीच झालेली विधानसभेची निवडणूक. आणि चौथा, परभणीस कोठडीत झालेला एका तरुणाचा मृत्यू. चौथ्या विषयास पहिल्यापेक्षा अधिक वेळ लागला नाही. 'हृदयविकार असेल, हल्ली पस्तिशीत येतोच,' असे एकाने म्हटले. 'साधा माणूस असता तर तुरुंगात कशाला गेला असता?' असे दुसऱ्याने म्हटले. 'दोन्ही बाजूंचे काहीतरी असणारच,' हे वाक्य तर सर्वांसच पसंत पडले. मग शिक्षिकाबाईंनी डबा उघडला, दशम्या व शेंगदाण्याची चटणी सर्वांस दिली, आणि आम्हीही ती घेऊन गप्प बसलो. या लेखात जो राग वाचकांस दिसेल त्यातील काही भाग त्या रात्रीच्या आमच्या गप्प बसण्यावर आहे, हे आधीच सांगून टाकतो.

हलके विषय आधी उरकू. पॉडकास्ट हा प्रकार मूळचा वाईट नव्हे. परभणीच्या आकाशवाणी केंद्रावरील भाषणे व मुलाखती ऐकत ज्यांचे बालपण गेले त्यांस माणसाचा आवाज ऐकून शिकण्याची गोडी ठाऊक आहे. परंतु त्या भाषणास दहा मिनिटे मिळत. ते लिहून आणावे लागे. कोणीतरी ते आधी वाचून पाही. आणि त्यात चूक निघाली तर गावातले लोक वक्त्यास बाजारात गाठून सांगत. आता दोन-दोन तास दोन माणसे खुर्च्यांत रेलून बोलतात. पाहुणा बोलतो, आणि यजमान ज्या एका कामासाठी तेथे बसला आहे ते काम, म्हणजे 'हे आपणास कसे कळले?' एवढे विचारणे, तेवढे सोडून बाकी सर्व करतो. तो मान हलवितो, डोळे विस्फारतो, 'क्या बात है' म्हणतो. ऐकणारास वाटते, इतका वेळ बोलला त्या अर्थी अभ्यास असलाच पाहिजे. सन २०२५ च्या फेब्रुवारीत रणवीर अलाहाबादिया या प्रसिद्ध पॉडकास्टवाल्याने एका विनोदी कार्यक्रमात एक ओंगळ प्रश्न विचारला व त्यावरून देशभर गदारोळ झाला. गुन्हे नोंदले गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्यायालयाने अटकेपासून संरक्षण दिले व कानही उपटले. तो प्रश्न ओंगळ होता हे आम्हास मान्य आहे. परंतु ओंगळ होता म्हणूनच तो सर्वांच्या डोळ्यांत भरला. मंद आवाजात, सभ्य भाषेत, दोन तास चाललेले अज्ञान कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. उलट ते ऐकून आपला वेळ सत्कारणी लागला असे वाटते, आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्या माणसाची साखरेची गोळी बंद होते.

खेळांची गोष्ट याहून मजेची आहे. सन २०२५ च्या जुलैत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे हे विधानपरिषदेच्या सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याचे दृश्य आमदार रोहित पवार यांनी प्रसिद्ध केले. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात काढून टाकीत होतो, असे मंत्रिमहोदयांचे म्हणणे पडले. महिनाअखेर कृषिखाते त्यांजकडून गेले आणि त्यांस क्रीडाखाते मिळाले. यावर जे विनोद झाले ते होणे रास्तच होते; आम्हीही हसलो. परंतु हसून झाल्यावर जे प्रश्न उरतात त्यांकडे कोणी वळेना. मुलगा मित्रांशी जोडी करून मोबाईलवर लुटुपुटीची लढाई खेळतो, आणि त्याचाच काका रात्री पगार लावून पत्ते खेळतो. आमच्या घरांमध्ये या दोहोंस 'गेम' हा एकच शब्द, आणि ओरडा मात्र मुलास. त्याच वर्षीच्या ऑगस्टात संसदेने या विषयावर कायदा केला, तेव्हा त्यास हा भेद करावा लागला. चढाओढीची ई-क्रीडा निराळी, करमणुकीचे खेळ निराळे आणि पैसे लावून खेळावयाचे निराळे; पहिल्यास उत्तेजन, शेवटल्यास बंदी; ते चालविणारास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, खेळणारास शिक्षा नाही. हा कायदा बरा की वाईट यावर मतभेद होण्यास भरपूर जागा आहे. बंदीने जुगार बंद होतो की तो केवळ अंधारात जातो, हा तर जुनाच वाद आहे. पण आमच्या परिचयातील ज्या दहा-बारा गृहस्थांनी या कायद्याविषयी ठाम मते आम्हास ऐकविली, त्यांतील एकासही हे तीन प्रकार सांगता आले नाहीत. ते जाणून घेण्यास लागतात दहा मिनिटे. मत देण्यास अर्धे पुरते.

आता राजकारण. मराठी भाषेने येथे आमची एक गंमत करून ठेविली आहे. 'मत' हा एकच शब्द आपण पेटीत टाकतो त्यासही वापरतो आणि चहाबरोबर देतो त्यासही. पहिल्या मताचा थाट पाहा. यादीत नाव असावे लागते. उन्हात रांग लावावी लागते. ओळख पटवावी लागते. बोटास शाई लागते. आणि पाच वर्षांत ते एकदाच, एकालाच देता येते. दुसऱ्या मतास यांतील काहीच लागत नाही. २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले, २३ रोजी निकाल लागला, आणि त्या दिवसापासून आमच्या नगरांतील दिवाणखान्यांतून एक वाक्य ऐकू येऊ लागले: 'बायकांनी दीड हजाराला मत विकले.' लाडकी बहीण योजनेतून दरमहा १५०० रुपये देण्यास सरकारने निवडणुकीच्या आधी काही महिनेच आरंभ केला, ही गोष्ट खरी. निवडणुकीच्या तोंडावर तिजोरी उघडावी की नाही, यावर सरकारास धारेवर धरण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील एखाद्या कापूस वेचणाऱ्या बाईने मत का दिले हे तिला विचारल्यावाचून सांगणारे हे कोण? तिने आपले एक मत रांगेत उभे राहून दिले. यांनी तिच्याविषयीचे आपले मत पाय पसरून दिले. दोहोंपैकी कोणते अधिक स्वस्तात गेले याचा हिशेब वाचकांनीच करावा. आणि ज्यांच्या वेतन आयोगासाठी मोर्चे निघतात, ज्यांच्या प्राप्तिकराची मर्यादा अर्थसंकल्पात वाढली की घरात पेढे येतात, त्यांचे मत मात्र कधीच विकले जात नाही, हे कसे, तेही कोणी समजावून द्यावे.

येथवर हसण्यासारखे होते. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिण्यास बसलो ती सांगतो.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापाशी ठेविलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची एका इसमाने मोडतोड केली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला; दगडफेक व जाळपोळ झाली, पोलिसांनी लाठ्या व अश्रुधूर वापरला, धरपकड झाली. पकडलेल्यांमध्ये सोमनाथ सूर्यवंशी हा पस्तीस वर्षांचा, कायद्याचा अभ्यास करणारा तरुण होता. १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत असताना तो मरण पावला. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात शवविच्छेदन झाले, आणि अंगावरील अनेक जखमांमुळे आलेला आघात असे कारण प्राथमिक अहवालात नोंदले गेले. त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले की, त्याने दंडाधिकाऱ्यांपुढे मारहाणीची तक्रार केली नव्हती व त्यास श्वसनाचा विकार होता. आणि त्याच निवेदनात न्यायालयीन चौकशीही जाहीर केली. चौकशी जाहीर करावयाची आणि तिच्या निष्कर्षाकडे बोटही दाखवून ठेवावयाचे, ही पद्धत आम्हास चमत्कारिक वाटते. परंतु मुख्यमंत्र्यांस निदान सभागृहात उत्तर देणे भाग होते. आमच्या डब्यातील मंडळींस काय भाग होते?

पुढे काय झाले ते पाहा. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत ठपका पोलिसांवर आला. मृताच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे दार ठोठावले, आणि ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले; ३० जुलै रोजी त्या न्यायालयाने आदेशात हात घालण्यास नकार दिला. म्हणजे एक मनुष्य कोठडीत मेला याचा नुसता गुन्हा कागदावर उतरण्यास साडेसात महिने आणि देशाचे सर्वात वरचे न्यायालय लागले. दोष कोणाचा हे ठरविण्यास तर अद्याप पुरावा, साक्षी, उलटतपासणी या सर्व पायऱ्या आहेत, आणि त्या असणेच योग्य आहे. आरोप ज्यांवर येईल त्यांसही त्या पायऱ्यांचा हक्क आहे. मात्र 'हृदयविकार असेल' हा निकाल इगतपुरीच्या आत लागला होता.

कोणी म्हणेल, तुम्ही आता निकाल पाहून त्या बिचाऱ्यांस दोष देता. तसे नाही. समजा, उद्या सर्व चौकशांतून तो तरुण आजारानेच गेला असे सिद्ध झाले असते, तरीही त्या रात्री तसे बोलण्याचा अधिकार त्यांस नव्हता. कारण त्यांच्यापाशी त्या विधानास आधार म्हणून काहीच नव्हते, फक्त इच्छा होती. ही इच्छा कसली, ते स्पष्ट बोलले पाहिजे. मृत्यू जर आजाराने झाला असेल तर आपणास काही करावे लागत नाही. मारहाणीने झाला असेल तर झोप लागत नाही. आमच्या वर्गाची पुष्कळशी 'सहज' मते या झोपेच्या सोयीने ठरतात. 'दोन्ही बाजूंचे काहीतरी असणारच' हे वाक्य समतोलाचे वाटते. वास्तविक ती उशी आहे. कुलूप आणि किल्ली दोन्ही एकाच्या हाती होती, मृतदेह दुसऱ्याचा होता. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंचे काहीतरी म्हणजे नेमके काय, हे त्या वाक्याच्या एकाही अभिमान्यास आम्हास सांगता आलेले नाही.

तोच आठवडा शेजारच्या बीड जिल्ह्यासही काळा गेला. ९ डिसेंबर रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांचा क्रूरपणे खून करण्यात आला. पवनचक्की कंपनीकडून मागितलेल्या खंडणीच्या ते आड आले हे कारण तपासातून पुढे आले. या दोन मृत्यूंविषयी आमच्या जिल्ह्यात जी मते ऐकू आली त्यांचा आम्ही थोडा धांडोळा घेतला. बोलणाऱ्याचे आडनाव आधी कळले की त्याचे मत नव्वद टक्के कळते, असा आमचा कटू अनुभव आहे. मस्साजोगसाठी ज्याचा आवाज चढतो, त्यास परभणीचे विचारले की तो 'तपास चालू आहे' असे म्हणतो; परभणीसाठी ज्याच्या डोळ्यांत पाणी येते, त्यांतील काहींस मस्साजोगच्या बाबतीत एकाएकी पुराव्याचा कायदा आठवतो. मग हे मत कसले? ही तर शिरगणती झाली. अपवाद आहेत, आणि त्यांस आम्ही मनोभावे वंदन करतो. दोन्ही ठिकाणच्या दुःखासाठी रस्त्यावर उतरलेली माणसे आम्ही या डोळ्यांनी पाहिली आहेत. पण ती बहुधा दिवाणखान्यांतून आलेली नव्हती.

'बोलण्याने काय होते? आम्ही थोडेच कोणास मारावयास गेलो?' हा आक्षेप आम्हास ठाऊक आहे. यास उत्तर म्हणून दूर जावयास नको. धुळे जिल्ह्यापर्यंत जाणे पुरे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांस जमावाने मुले पळविणारे समजून ठेचून मारले. ती माणसे बहुतेक मंगळवेढे तालुक्याकडील. अशीच माणसे आमच्या गंगाखेड, जिंतूर, सेलूच्या दारांवरही पिढ्यान् पिढ्या येत आली आहेत. मुले पळविणारी टोळी आल्याचा निरोप त्या आधी कित्येक आठवडे मोबाईलांवरून फिरत होता. मारणारे हात राईनपाड्याचे होते. पण निरोप तेथे जन्मला नव्हता. तो हजारो मोबाईलांतून, 'खरे खोटे देव जाणे, पण सावध असलेले बरे' असे म्हणत पुढे सरकत आला. तो पुढे ढकलणाऱ्यांत वकील होते, शिक्षक होते, आणि आमच्या नात्यातील एक माहेरवाशीणही होती, जिने तो आम्हासही पाठविला होता. तिने काय केले? काहीच नाही, सहज पाठविला. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅप कंपनीने एक निरोप एका वेळी पाचांहून अधिकांस धाडता येणार नाही असा निर्बंध हिंदुस्थानात घातला. आमच्या जिभेवरील विवेक कमी पडला म्हणून परदेशातील एका कंपनीस आमची बोटे मोजावी लागली, ही गोष्ट आम्हास जितकी लाजिरवाणी वाटावयास हवी तितकी वाटल्याचे दिसले नाही.

म्हणून सरकारने तोंडे बंद करावी काय? मुळीच नाही, आणि हे आम्ही परभणीकर म्हणून अधिक आग्रहाने सांगतो. सन १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. चार माणसे जमवून सार्वजनिक प्रश्नावर बोलावयाचे तर परवानगी लागे. गश्ती निशाण त्रेपन्नची आठवण जुन्या घरांतून अजून निघते. अशा काळी सन १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते परतूर येथे, जे गाव आज जालना जिल्ह्यात असले तरी तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. गोविंदराव नानल अध्यक्ष होते. तेथे जे बोलले गेले ते आजच्या कानांस सौम्य वाटेल; शिक्षण मातृभाषेत द्या, नागरिकांस हक्क द्या, असल्या मागण्या. पण बोलणाऱ्याच्या मागे दुसऱ्या दिवशी पोलीस लागू शकत होते, आणि तरी तो सही करून, नाव सांगून, उभा राहून बोलत होता. पुण्यात आगरकरांनी जिवंतपणी आपली प्रेतयात्रा पाहिली ती मते बाळगल्याबद्दलच. आम्ही असे म्हणत नाही की, मत खरे ठरण्यास छळ झालाच पाहिजे. पण किंमत द्यावी लागेल हे ठाऊक असले की मनुष्य बोलण्यापूर्वी माल तपासून पाहतो, एवढे खरे.

स्वातंत्र्य मिळाल्यावरही राज्यकर्त्यांची बोट दाबण्याची खोड गेली नाही. सन २०१२ च्या नोव्हेंबरात, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या व दुसरीने त्यास पसंती दर्शविली, म्हणून पालघरला दोघींस अटक झाली. ज्या कलम ६६-अ चा असा उपयोग होत होता ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, आणि उत्तम केले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या मुलीने जे लिहिले ते आपल्या अनुभवाविषयी, आपल्या नावाने आणि बलवानाच्या विरुद्ध लिहिले होते. आमच्या डब्यातील मते या तिन्ही बाबतीत नेमकी उलट होती. म्हणून पालघरच्या मुलीच्या ढालीआड आमच्या त्या सेवानिवृत्त गृहस्थांनी उभे राहू नये. न्यायालयाने बोलण्याची मोकळीक दिली. बोललेले खरे असल्याचा दाखला दिलेला नाही.

आमच्या एका स्नेह्याने हा लेख छापण्यापूर्वी वाचून म्हटले, 'तुम्ही फार गंभीर झालात. लोक आपले मन मोकळे करतात.' हा त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. गप्पांवाचून घर हे घर राहत नाही, आणि 'जगात जर्मनी, भारतात परभणी' या म्हणीचा अर्थ विचारल्यास चौघे चार उपपत्ती सांगतात व चौघेही भांडतात, यात आम्हासही आनंदच आहे. पाऊस, आंबे, क्रिकेट, जावई, विद्यापीठाचे नवे वाण, सासूबाईंच्या हातची पुरणपोळी यांवर वाटेल ते बोलावे. पाथरीस साईबाबा जन्मले की नाही यावरून सन २०२० च्या जानेवारीत शिर्डी बंद ठेवण्यापर्यंत मजल गेली, तीही आम्ही एका वेळी हसण्यावारी नेली. परंतु ज्या बोलण्यात दुसऱ्याचा जीव, दुसऱ्याची अब्रू किंवा दुसऱ्याच्या आईचा न्याय गुंतलेला आहे ते मन मोकळे करण्याचे ठिकाण नव्हे. आणि एक गोष्ट आमच्या स्नेह्यांच्या ध्यानात आली नसावी. त्या डब्यात वरच्या बाकावर शिक्षिकाबाईंची बारा-तेरा वर्षांची मुलगी होती. ती निजली आहे असे सर्वांस वाटले होते. मनमाडच्या सुमारास तिने खाली वाकून विचारले, 'आई, त्या दादाला काय झालं होतं ते कुणी पाहिलं होतं का?' 'झोप आता,' असे उत्तर तिला मिळाले.

तिचा प्रश्न हा या साऱ्या रात्रीत विचारला गेलेला एकमेव शहाणपणाचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर देण्याची ताकद डब्यातील एकाही पदवीधरात, आम्हासुद्धा, नव्हती.

या लेखातील कोणतेही विधान चुकीचे आहे असे ज्यांस वाटत असेल त्यांनी अवश्य लिहावे. लाडकी बहीण योजनेविषयी, खेळांच्या कायद्याविषयी, किंवा परभणीच्या प्रकरणी आम्ही कोणा पक्षावर अन्याय केला आहे असे वाटत असेल त्याविषयीही लिहावे. आमच्याविरुद्धचे पत्र आम्ही आधी छापू. पत्र कितीही कडक असो, आमची हरकत नाही. त्यात कोणती गोष्ट स्वतः पाहिली, कोणती वाचली व कोठे वाचली, आणि कोणती केवळ ऐकली, हे निराळे निराळे लिहिलेले असावे, व खाली नाव आणि गाव असावे.